म्हस्कूचं कारबोरेटर

ही घडलेली गोष्ट आहे. जिच्या घरात घडली ती माझी सख्खी मावशी, नंदाबाई. तिचे यजमान अप्पाराव, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. आणि त्यांची मुलगी संध्या. तिघंही आज हयात आहेत, जुन्या जालन्यातल्या त्याच गल्लीत, त्याच घरात. सगळं मला संध्यानं स्वतः सांगितलं, आणि संध्या काही रंगवून सांगणाऱ्यांतली नाही.

भुताखेताच्या गोष्टी अमावास्येच्या रात्रीच्या असतात.

ही भर दुपारची आहे.

मागच्या वर्षीचा वैशाख. गल्लीत चिटपाखरू नाही, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली, कुत्रीसुद्धा नालीच्या ओलीला पोट टेकून पडलेली. अशा वेळेला हे झालं.

पण आधी संध्याबद्दल सांगतो.

तिचं लग्न मोडलं तेव्हा ती एक बॅग घेऊन माहेरी आली. नातेवाइकांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, आईनंही विचारलं, "का आलीस?"

अप्पांनी विचारलं नाही.

ते आडतीवरून येताना जिलबी घेऊन आले आणि म्हणाले, "वरची खोली झाडून घेतली. पंखा जरा खडखड करतो, उद्या बघू त्याचं."

बस्स. त्या दिवसापासून संध्याला जगात एकच माणूस आपला वाटत होता.

त्या माणसाला हिवाळ्यात लकवा मारला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण बघतात कुठं ते कळायचं नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना सांगितलं, "बोलत राहा त्यांच्याशी. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या. कधी कधी माणूस आवाज धरून परत येतो."

संध्या बोलली. घसा बसेपर्यंत बोलली. त्यांची आवडती भजनं लावली. आडतीवर जाऊन हमालांची आरडाओरड मोबाईलमध्ये भरून आणली आणि उशाशी वाजवली.

काही नाही.

मग एक दिवस गल्लीतून कुणाची तरी जुनी मोटारसायकल फटफटत गेली...

आणि अप्पांची मान खिडकीकडं वळली.

क्षणभरच. पण वळली.

संध्या तशीच परसात धावली. तिथं पत्र्याखाली, गोणपाटानं झाकलेली, अप्पांची जुनी येझदी मोटारसायकल उभी होती.

आज अप्पांकडं बघून कुणाला खरं वाटणार नाही, पण तरुणपणी ते रेस खेळायचे. ते आणि त्यांचा जिवलग दोस्त म्हस्कू. म्हस्कू हसनाबादचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दोघांच्या गाड्या एकसारख्या. मडगार्ड काढलेली, सायलेन्सर कापलेले, इंजिन आतून कोरून घेतलेलं. दोघांनी एकाच दिवशी पुण्याहून रेसिंगची मोठ्या तोंडाची कारबोरेटरं आणली होती, जुळ्या भावांसारखी. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजायचं काम कारबोरेटरचं. ते गेलं की गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

म्हस्कू रेसमध्येच गेला. वळणावर पडला, डोकं दगडावर आपटलं. गाडीला साधं खरचटलंही नाही.

त्यानंतर अप्पांनी रेस सोडली, पण गाडी विकली नाही. रविवारी परसात काढायचे, पुसायचे, किक मारायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे. लकव्याच्या आधी वर्षभर तेही थांबलं होतं. कारबोरेटरच्या अंगालाच तडा गेला होता, आणि तसं दुसरं कुठं मिळत नव्हतं.

"मिळवायचंच," संध्यानं ठरवलं.

बद्रीनाथ मिस्त्रीनं अप्पांच्या गाडीला आयुष्यभर हात लावलेला. त्यानं साधं कारबोरेटर बसवून बघितलं. गाडी ठसकली आणि मेली. पुन्हा ठसकली, पुन्हा मेली.

"बेटा, हिला हिचंच पाहिजे," बद्रीनाथ हात पुसत म्हणाला. "ते आता बाजारात न्हाई. मी अप्पांसाठी सगळीकडं फोन लावून बसल्तो. बिलकुल न्हाई."

संध्यानं ऐकलं नाही. ऑनलाईन मागवलं, तर फोटोत एक आणि डब्यात भलतंच. जुन्या जालन्यातली भंगाराची दुकानं पालथी घातली. कुणी सांगितलं, शहागडला हायवेच्या कडेला एका भंगारवाल्याकडं जुनी येझदी पडून आहे, सायलेन्सर कापलेली. ती रजा टाकून बसनं शहागडला गेली. ट्रकांच्या टायरांच्या ढिगामागून तो माणूस आला.

"येझदी ना? कालच गेली ताई. अख्खी. जालन्याच्या भट्टीला."

जालन्याच्या! तिच्या घरापासून कोसभरावर ती गाडी वितळत होती आणि ती इथं, गोदावरीच्या काठी उन्हात उभी होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून रडली. शेजारच्या बाईनं न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

घरी आली तर अप्पांनी सकाळपासून पेज गिळलेली नव्हती. घशाखाली उतरतच नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आता घरीच ठेवा. आणून काही उपयोग नाही."

अशा बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या संध्याकाळी मावशी कणीक मळत होती. मळता मळता थांबली.

"एक ठिकाण राह्यलंय," ती म्हणाली. "पण तिथं जाऊ नको."

"कुठं?"

"हसनाबादला. म्हस्कूची गाडी त्याच्या मायनं अजून ठेवलीय म्हणतात."

संध्या बघतच राहिली. "मंग अप्पांनी का नाही आणलं तिथून?"

"मी बोलल्ते त्यांना. म्हणाले, मेलेल्याच्या गाडीचा नट बी आणायचा नसतो. तो ज्याचा त्यालाच लागतो." मावशीनं पुन्हा कणकेत हात घातला. "जाऊ नको, संध्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या हसनाबादच्या बसमध्ये बसली होती.

म्हस्कूच्या मायचं, आसराबाईचं घर गावाच्या टोकाला. म्हातारी ऐंशीच्या घरातली, पण ताठ. दारातच घोंगडीवर बसलेली. संध्यानं नाव सांगितलं, अप्पांचं नाव सांगितलं, आजारपण सांगितलं. म्हातारी उठली आणि गोठ्याकडं चालायला लागली.

गोठ्यात एका कोपऱ्यात गाडी उभी होती.

तिच्यावर धूळ नव्हती.

शेजारी कडबा, शेणाच्या पाट्या, कोळिष्टकं... आणि गाडी लख्ख.

"रोज पुसते," म्हातारी म्हणाली. "लई जन आले इकत घ्यायला. कुनाला नटसुद्धा दिला न्हाई."

संध्यानं तिचे पाय धरले. "आजी, माझे अप्पा जातील हो. एकदाच आवाज ऐकवायचाय त्यांना. मी परत आणून देते, शप्पथ."

म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"ने," ती म्हणाली. "पर एक बोली हाय. गाडी सुरू झाली की मला फोनवर आवाज ऐकव. मलाबी ऐकायचाय."

एवढंच? संध्याला म्हातारीची दया आली. तिनं तोंडभरून कबूल केलं. म्हातारीच्या धाकट्या सुनेनं नंबर दिला.

बद्रीनाथनं दिलेला पाना संध्यानं बोल्टला लावला. तीसेक वर्षांचा बोल्ट, तिला वाटलं हातोडी लागेल. पण तो नुसत्या बोटांनी फिरला.

कारबोरेटर हातात आलं.

आणि तिच्या पायावर काहीतरी सांडलं...

पेट्रोल.

ताजं. वास मारणारं.

तिनं गाडीच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. टाकी कोरडी ठणठणीत. तळाशी गंजाचा भुगा.

"आजी, यात पेट्रोल कुणी घातलं?"

म्हातारी पदरानं सीट पुसत होती. तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकून बोलली नाही.

संध्या निघाली. तिला घाई होती. माणूस जीव तोडून काही मागत असतो ना, तेव्हा असल्या गोष्टी दिसूनही दिसत नाहीत.

त्याच दुपारी बद्रीनाथनं कारबोरेटर बसवलं. परसाकडची खिडकी उघडली, अप्पांचा पलंग खिडकीला लावला. मावशी देवापाशी बसली होती. संध्यानं हसनाबादला फोन लावला, स्पीकर सुरू करून खिडकीत ठेवला.

"आजी, ऐकू येतं का?"

"येतं."

बद्रीनाथनं किक मारली.

पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली.

कापलेल्या सायलेन्सरमधून असा काही आवाज निघाला की पत्रे थरथरले. बद्रीनाथनं एक्सिलेटर सोडलं तरी गाडी बंद पडली नाही, एकसारखी घुमत राहिली. संध्या टाळ्या वाजवत होती, रडत होती.

बद्रीनाथ मात्र वाकून मागं बघत होता.

"बेटा..." तो म्हणाला. "धूर कुठाय?"

ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी गाडी. ती धूर सोडतेच. अप्पा रविवारी सुरू करायचे तेव्हा अख्खी गल्ली खोकायची.

आज धुराची रेघसुद्धा नव्हती.

आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला...

"माय..."

संध्या खिडकीकडं झेपावली. अप्पांचे ओठ हलत होते! पाच महिन्यांनी अप्पांचे ओठ हलत होते!

"अप्पा! अप्पा, मी संध्या!"

"माय," अप्पा म्हणाले. स्पष्ट. लकव्याच्या माणसाचं बोबडं नाही, खणखणीत. "माय, मेंढरं पान्यावर नेली का?"

संध्याचे हात हवेतच राहिले.

अप्पांच्या घरात कुणी कधी मेंढरं पाळलेली नाहीत.

फोनमधून म्हातारीचा आवाज आला. शांत, मऊ. रोज बोलत असल्यासारखा.

"नेली रं राजा. तू जेवला का?"

"न्हाई. इथं कोन देतंय?"

देवघराच्या दारात मावशी उभी होती. तिच्या हातातलं निरांजन खाली पडलं.

"बंद कर," ती म्हणाली. "संध्या, ते बंद कर. हा ह्यांचा आवाज न्हाई. हा म्हस्कूचा हाय. माझं लग्न झाल्यावर वर्षभर तो माझ्या हातचं जेवलाय. मी ओळखते."

बद्रीनाथनं चावी फिरवली. गाडी थांबली.

अप्पांचे ओठ मिटले. डोळे पुन्हा कुठंही बघेनासे झाले.

फोनमध्ये म्हातारी नुसती श्वास घेत होती. मग म्हणाली, "उद्याबी लाव, बाई."

बद्रीनाथ हत्यारं गोळा करून निघाला. पाना तिथंच विसरला. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाला, "साफसुद्धा करावं लागलं न्हाई बेटा. एवढी वर्षं पडलेलं कारबोरेटर. मला काई हे बराबर वाटत न्हाई."

तुम्ही म्हणाल, संध्यानं तेव्हाच ते काढून टाकायला हवं होतं.

पण त्या संध्याकाळी अप्पा वाटीभर पेज प्याले. गटागटा.

आता सांगा.

दुसऱ्या दुपारी म्हातारीचा फोन आला. संध्यानं गाडी सुरू केली. तिसऱ्या दुपारीही केली. मावशी कानात बोटं घालून वरच्या खोलीत जाऊन बसायची. खाली अप्पा बोलायचे. मेंढरांचं, पावसाचं, कुठल्या तरी बाभळीखालच्या विहिरीचं. फोनमधून म्हातारी हुंकार भरायची, हसायची, रागवायची. पोरगा परगावाहून आल्यासारखी. आणि त्या दोघांमध्ये संध्या खिडकीचे गज धरून उभी असायची, आपल्या बापाच्या तोंडातून आपल्यासाठी एक शब्द निघेल म्हणून.

"अप्पा, मी आहे इथं."

तिच्याकडं कुणी बघायचं नाही.

अप्पांच्या अंगावर मांस चढायला लागलं. गालांवर रंग आला. मावशी म्हणायची, "अगं, गायीला चारा घालतात तसं चाललंय हे. कोण जेवतंय ते बघ की."

पेट्रोलही कमी होत नव्हतं. संध्यानं टाकीत काडी घालून बघितलं होतं. पहिल्या दिवशी होतं तितकंच.

गल्लीतली कुत्री त्या परसाकडची नाली सोडून गेली ती गेलीच.

मग ती दुपार आली.

मावशी देवळात गेलेली. घरात संध्या आणि अप्पा. म्हातारीचा फोन नेहमीसारखा खिडकीत. गाडी घुमत होती. संध्यानं त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं. ती आत आली, पलंगाशी बसली आणि अप्पांचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवला.

"म्हस्कूकाका," ती म्हणाली.

तिनं पहिल्यांदाच त्या नावानं हाक मारली होती.

अप्पांचे डोळे फिरले... आणि तिच्यावर येऊन थांबले.

"काय गं पोरी?"

 संध्यानं हात सोडले नाहीत.

"माझे अप्पा कुठं आहेत?"

थोडा वेळ नुसती गाडी घुमत राहिली.

"हितंच हाय की," आवाज म्हणाला. "बसलाय बाजूला. रडू रडू राह्यला."

"त्यांना पाठवा. पाया पडते तुमच्या. त्यांना परत पाठवा."

"कसा येईल तो? जागा कुठाय? मी हाय ना हितं." आवाजात राग नव्हता. उलट दया होती. "मी उठलो की येईल तो. मला काय? मी उठतो. दोस्त हाय माझा."

संध्याला वाटलं, झालं. सुटलो.

"उठा मग, काका. उठा."

आणि खिडकीतून, फोनमधून म्हातारी बोलली.

"उठू नको, बाळा."

"आजी!" संध्या किंचाळली.

"उठू नको रं राजा. माझं ऐक. मायला सोडून जाऊ नको आता."

"आजी, तो माझा बाप आहे!"

"आन ह्यो माझा ल्योक हाय, बाई." म्हातारी रडत होती. "तुझा बाप तुला येवढी वर्सं पुरला. मला काय मिळालं? बाळा, बसून ऱ्हा. हलू नको."

अप्पांच्या तोंडावर एखाद्या लहान मुलाचा असतो तसा गोंधळ उमटला. दोघींनी दोन्हीकडून हात ओढलेल्या मुलाचा.

"माय म्हनते बस," आवाज म्हणाला.

संध्या परसात धावली. चावी फिरवली.

गाडी थांबली नाही.

तिनं पेट्रोलचा कॉक बंद केला. गाडी घुमतच होती. आवाज वाढत होता. आत अप्पा मोठमोठ्यानं हाका मारत होते, "माय! माय!" आणि फोनमध्ये म्हातारी ओरडत होती, "हाय रे, हाय मी, बाळा!"

बद्रीनाथ विसरलेला पाना खाली पडला होता. संध्यानं तो उचलला, कारबोरेटर आवळणाऱ्या पट्टीच्या बोल्टला लावला आणि जिवाच्या आकांतानं फिरवला. मनगट इंजिनाला लागून चरचरलं. कातडी चिकटली. तिनं सोडलं नाही. पट्टी ढिली झाली, तिनं दोन्ही हातांनी कारबोरेटर धरून हिसडा मारला.

निघालं.

वैशाखातलं ऊन, तापलेलं इंजिन... आणि हातातलं कारबोरेटर बर्फाच्या लादीसारखं गार.

ते हातात होतं.

आणि गाडी अजून चालू होती.

संध्या शपथेवर सांगते. कारबोरेटर तिच्या हातात होतं, इंजिनाचं तोंड उघडं होतं, आणि गाडी घुमत होती. किती वेळ, तिला सांगता येत नाही. मग आवाज हळूहळू लांब जायला लागला. गाडी समोर उभी, पण आवाज गल्लीतून, मग रस्त्यावरून, मग खूप लांबून आल्यासारखा... कुणीतरी ती चालवत घेऊन गेल्यासारखा.

सगळं शांत झालं.

फोन कधी कट झाला होता कळलं नाही.

आत अप्पा डोळे मिटून पडले होते. श्वास चालू होता. कोण श्वास घेतंय, ते कळायला मार्ग नव्हता.

चार-पाच दिवसांनी संध्या मनगटाला पट्टी बांधून हसनाबादला गेली. कारबोरेटर फडक्यात बांधून नेलं. तिला वाटलं होतं म्हातारी शिव्या देईल, दगड मारील. तिनं मनाची तयारी केली होती. माफीही मागायची होती, कारण त्या बाईचं दुःख तिला कळत नव्हतं असं नाही.

म्हातारी दारातच होती. संध्याला बघून हसली. सुनेला चहा टाकायला सांगितला.

संध्यानं फडकं पुढं केलं.

म्हातारीनं सोडूनही बघितलं नाही.

"आता ह्याचं काय काम?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

संध्यानं ते गोठ्यातल्या गाडीच्या सीटवर ठेवलं आणि निघाली. निघताना तिच्या लक्षात आलं. त्या गाडीवर धुळीचा थर बसला होता. कुणी पुसलेली नव्हती.

त्यानंतर म्हातारीचा फोन आला नाही. एकदाही नाही.

इकडं महिनाभरात अप्पांनी डाव्या हातानं चमचा धरला. मग शब्द आले. आधी तुटके, मग धड. पावसाळा संपताना ते काठी धरून दारापर्यंत चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, अशी केस क्वचित बघायला मिळते. संध्याला ते संध्या म्हणतात, मावशीला नावानं हाक मारतात. संध्यानं एकदा आडून आडून विचारलं, "अप्पा, मी घरी आले त्या दिवशी तुम्ही काय आणलं होतं?"

"जिलबी," अप्पा म्हणाले.

ती स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. आनंदानं.

पण मावशीचं अंथरूण अजून स्वयंपाकघरात आहे. त्या खोलीत ती झोपत नाही. मी दिवाळीला गेलो होतो तेव्हा तिला विचारलं. तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांना दुधाचा वास चालत नव्हता, राधेश्याम. आता भाकरी दुधात कुस्करून दे म्हणतात. रोज."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मेंदूच्या आजारानंतर चवी बदलतात. होतं असं.

होत असेल.

परवा संध्याचा फोन आला. "दादा, रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का?"

"कुठं जायचंय?"

"हसनाबादला. अप्पा म्हणतात, म्हस्कूच्या मायला भेटून येऊ. तिनं आपल्यासाठी एवढं केलं, तिच्या पाया पडायला पाहिजे."

मला ते बरोबरच वाटलं. दोस्ताची आई, वयस्कर बाई. मी म्हणालो, "मग जाऊ या की."

 मी दोनदा हॅलो केलं. मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "दादा... तिनं काय केलं, ते अप्पांना आम्ही कुणीच सांगितलेलं नाही."

"अगं, ते तिथंच पडून होते. कानावर गेलं असेल."

"हं," ती म्हणाली. "तसंच असेल."

तिच्या मागून अप्पांचा आवाज आला. "राधे हाय का? म्हणावं, जल्दी ये. उन्हाच्या आत पोचू."

आवाज अप्पांचाच होता. मला तरी तसंच वाटलं.

उद्या रविवार आहे. मी अजून हो म्हणालेलो नाही. आणि नाही म्हणायला काय कारण सांगावं, तेही मला सुचत नाही.